सबका मिळून, जाके-आके

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला कोणी फसवू शकत नाही, असा बँकेबाहेरच्या लोकांचा एक समज आहे. बँकेतल्या लोकांचा तसा समज नाही. आम्ही दिवसभर काउंटरमागे बसून सह्या ताडून पाहतो, पाचशेच्या नोटेतला हिरवा धागा नोट तिरपी केल्यावर निळा होतो की नाही ते बघतो, खातेदाराचा चेहरा आणि आधार कार्डावरचा फोटो यांचं काही नातं लागतं का याचा शोध घेतो. आणि त्याच संध्याकाळी आमच्यातलाच एखादा स्टेशनाबाहेर किलो म्हणून साडेआठशे ग्रॅम मटार घेऊन, वर भाजीवाल्याला "थँक्यू" म्हणून घरी जातो. सावधपणा ही ऑफिसात वापरायची वस्तू आहे. बहुतेक जण ती ड्रॉवरमध्ये ठेवून, कुलूप लावून निघतात.

एलएफसी घेऊन आईला आणि सौ.ला काशीला न्यायचं मी शाखेत जाहीर केलं, तेव्हा हे सगळे ड्रॉवर एकदम उघडले. आमच्या शाखेत मला धरून चौदा माणसं. उरलेल्या तेरा जणांनी मला सल्ले दिले. त्यांतले सहा जण काशीला कधीच गेलेले नव्हते. पण सल्ला देण्यासाठी प्रवास केलेला असावा असा नियम कुठेच नाही. हेडकॅशियर म्हणाले, पैसे चार ठिकाणी ठेव: पाकिटात, सुटकेसमध्ये, वहिनींच्या पर्समध्ये आणि मोज्यात. दोन दिवस मोज्यात राहिलेली नोट पुढे कोणी हातात घ्यायला तयार होत नाही, त्यामुळे ती सर्वांत सुरक्षित. दुसऱ्या एकाने सांगितलं, वाटेत कोणाशीही बोलू नकोस. तिसऱ्याने सांगितलं, प्रत्येक गोष्ट चार जणांना विचारूनच कर. या दोन्ही सूचना मी एकाच कागदावर एकाखाली एक लिहून घेतल्या.

कर्जविभागातल्या आमच्या साहेबांचा सल्ला मात्र अनुभवातून आलेला होता. ते आग्र्याला जाऊन आलेले. "काही नाही रे," ते म्हणाले, "माणूस ओळखता आला पाहिजे." साहेबांना माणूस ओळखता येतो हे खरं आहे. कर्जदाराकडून ते तीन वर्षांची रिटर्न्स घेतात, दोन जामीनदार घेतात, घराच्या कागदांवर वकिलाचं मत घेतात आणि मग म्हणतात, "बघू." आग्र्याला स्टेशनाबाहेर त्यांना एक रिक्षावाला म्हणाला, "साब, ताजमहल आज बंद है." तो दिवस मंगळवार होता. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे दर शुक्रवारी दुपारी बारा ते दोन नमाजासाठी येणाऱ्यांखेरीज इतरांना आत सोडत नाहीत तिथपासून सगळं तिकिटाच्या खिडकीवर कळतं. पण साहेबांनी रिक्षावाल्याकडून ना रिटर्न घेतलं ना जामीनदार. तो म्हणाला बंद, हे म्हणाले बरं. मग त्याने त्यांना "तोपर्यंत जरा बघून घ्या, बघायचे पैसे नाहीत" म्हणून एका संगमरवराच्या दुकानात नेलं.

तिथे त्यांना वीतभर उंचीचा एक ताजमहाल मिळाला. खरा मकराणा, ज्या खाणीच्या दगडाने शहाजहानने बांधला त्याच दगडाचा. दुकानदाराने खालून टॉर्च लावला, दगड गुलाबी उजळला, साहेबांच्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि साहेबांच्या पाकिटातून बरंच काही गेलं. पुढे दिवाळीत भाचा आला. त्याने कंपासच्या टोकाने ताजमहालाच्या पुढच्या भिंतीवर स्वतःचं नाव, इयत्ता आणि तुकडी कोरली. दहा मिनिटांत कोरली. संगमरवर असा कोरला जात असता तर शहाजहानला वीस-बावीस वर्षं कशाला लागली असती? तो सोपस्टोन निघाला, म्हणजे उन्हाळ्यात आपण घामोळ्यांवर जी पावडर लावतो तिच्याच जातीचा दगड. त्यावर नखानेसुद्धा ओरखडा उठतो. संगमरवरावर उठत नाही. आग्र्याच्या दुकानात नख वापरायला पैसे पडत नाहीत, पण टॉर्च लावलेला असताना माणसाला नखाची आठवण राहत नाही. आपण फसलो असं साहेब अजूनही म्हणत नाहीत. ते म्हणतात, "वस्तू हलकी आहे, पण कलाकुसर बघ." इयत्ता सहावी ब आता सोनेरी रंगाने रंगवून घेतलीय.

मी या "बंद है" वर बराच विचार केला आहे. प्रवाशाला लुबाडण्याचा अर्धा धंदा या दोन शब्दांवर उभा असावा. तुमचं हॉटेल बंद आहे. हा रस्ता आज बंद आहे. देवळात आज आरतीमुळे बंद आहे, या बाजूने चला. नवी दिल्ली स्टेशनावर परदेशी पाहुण्यांना तर वर्षानुवर्षं सांगतात की, तुमचं तिकिटांचं ऑफिस बंद झालं, दुसरीकडे गेलं. आणि ते ऑफिस स्टेशनातच पहिल्या मजल्यावर बसलेलं असतं. खरं म्हणजे याला उपाय अगदी बाळबोध आहे. जे बंद आहे म्हणतात, त्याच्या दारापर्यंत चालत जायचं. बंद असेल तर दार सांगेल. पण दारापर्यंत जायचं म्हणजे समोर गोड बोलणाऱ्या माणसावर आपला विश्वास नाही असं त्याच्या तोंडावर दाखवायचं, आणि इथेच आपलं सगळं अडतं. माणूस लोभापायी फसतो असं पुस्तकांत लिहितात. माझ्या पाहण्यात लोभाने फसणारे थोडे, भिडेने फसणारे फार. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही.

आमच्या घरात या बहिणीचं येणं-जाणं जुनं आहे.

१९९१ साली, मी पाचवीत असताना, आमच्याकडे एका यात्रा कंपनीचा माणूस येऊ लागला. काशी, प्रयाग, गया, अकरा दिवस, लक्झरी बस, दोन वेळचं महाराष्ट्रीय जेवण. बाबा म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. त्यांना जायचं नव्हतं अशातला भाग नाही, पण त्यांना कंपनीची जरा शंका होती. तो माणूस तीनदा आला. तिन्ही वेळा पोहे खाल्ले. तिसऱ्या वेळी त्याने आईला "वहिनी, हात लावीन तिथे चव" म्हटलं आणि पावतीपुस्तक काढलं. घरी तीनदा पोहे खाल्लेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा बाबांपुढचा प्रश्न होता. त्यांनी सगळे पैसे रोख भरले. पावती फार सुरेख होती. तीन रंगांत छापलेली, वर विश्वनाथाचं देऊळ, खाली रेव्हेन्यू स्टँपवर आडवी, झोकदार सही. पुढे बँकेत मी हजारो पावत्या पाहिल्या; एवढी चांगली पावती आमच्या बँकेनेही कधी दिली नाही.

मे महिन्यात पहाटे साडेचारला डोंबिवलीच्या फडके रोडवर आम्ही उभे राहिलो. आम्हीच नव्हे, चाळीसएक माणसं होती. होल्डॉल, फिरकीचे तांबे, दशम्यांचे डबे, एका आजींच्या हातात गंगेत सोडायला घरून आणलेला नारळ. पाच वाजता सगळ्यांची ओळख झाली. सहाला भजन झालं. सातला कोणीतरी म्हणालं, टायर पंक्चर झालं असेल. आठपर्यंत त्या टायरवर इतकी चर्चा झाली की, ते कुठे, कोणत्या बाजूचं आणि कशाने पंक्चर झालं हेसुद्धा ठरलं. नऊला दोघे जण कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. कुलूप होतं. पाटीही नव्हती. मंडळी एकेक करून पांगली. बाबा शेवटपर्यंत थांबले, कारण मध्येच बस आली आणि कोणीच नसलं तर ड्रायव्हरची पंचाईत होईल. दुपारी आईने दशम्यांचा डबा घरीच उघडला. त्या दशम्या तीन दिवस पुरल्या. प्रवासाच्या म्हणून दुधात भिजवून केलेल्या होत्या.

बाबांनी पुढे काशीचं नाव काढलं नाही. पावती मात्र रेशन कार्डाच्या घडीत ठेवली. तीन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा ट्रंकेत ती तशीच निघाली. आईने ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "आता आपण जाऊन येऊ या." त्यामुळे आमचं काशीला जाणं हे पर्यटन होतं, यात्रा होती आणि एक जुनी नोंद पुरी करणं होतं. आणि यावेळी कोणी आईला फसवलं असतं, तर ते मला सहन झालं नसतं.

पावतीचा तो धंदा बंद पडलेला नाही, एवढं मी काउंटरवर बसून सांगू शकतो. फक्त त्याला आता कागद लागत नाही. देवस्थानाचं भक्तनिवास म्हणून मोबाईलवर पहिलं जे पान दिसेल त्यावर लोक खोली ठरवतात, सगळे पैसे आगाऊ पाठवतात, आणि रात्री अकराला सामानासकट तिथे पोचल्यावर भक्तनिवासाचा मॅनेजर म्हणतो, "आमचं असं पानच नाही." केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं २०२३ पासून आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या ठिकाणी मिळतात, पण तिच्यासारख्याच नावाची पानं काढून तिकिटं विकणारे पुष्कळ. मध्यंतरी एक निवृत्त गृहस्थ असेच पैसे घालवून माझ्यापुढे येऊन बसले. मी आधी त्यांना १९३० या नंबरवर फोन लावून दिला. कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, आणि तक्रार लवकर गेली तर ते मध्येच अडवता येतात. हळहळायला मागाहून वेळ असतो. फोन झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पण साहेब, वेबसाईटवर देवाचा फोटो होता हो!"

मला ती तीन रंगी पावती आठवली.

दुसरे एक जण आले होते, त्यांना "रिफंड पाठवतो, फक्त पिन टाका" म्हणून फोन आला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की, एकदा झोपेतही म्हटल्याचं सौ. सांगते.

तर मी आमची तयारी केली ती या सगळ्या रीतीने. काशीतली खोली पोचल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर ठरवली, महानगरी एक्सप्रेसची तिकिटं रेल्वेच्याच खिडकीवर काढली, हेडकॅशियरांच्या सांगण्यावरून पैशांचे चार भाग केले. मोजा वगळला. निघायच्या आदल्या रात्री आई एक लहानसा कापडी बटवा घेऊन आली. म्हणाली, "यात पाचशे रुपये घाल. सुटे."

"हे कशाला?"

"हे आपले फसायचे पैसे. हे संपले की फसणं बंद."

मी बी.कॉम.ला पहिल्या वर्गात पास झालो. बुडीत आणि संशयित कर्जांची तरतूद हा विषय मला दोन वर्षं शिकवला. बँकेत तर दर तिमाहीला त्यावर साहेबांची झोप उडते. जे बुडणारच आहे ते आधी बाजूला काढून ठेवावं म्हणजे ताळेबंद हलत नाही, हे तत्त्व चौथी पास झालेली आई बटव्यात घालून चालली होती. मी मुकाट्याने पाचशे रुपये सुटे दिले.

काशीला तिची दुसरी विद्या दिसली. दशाश्वमेध घाटावर संध्याकाळची आरती होडीतून बघायची, म्हणून आम्ही पायऱ्या उतरतो तोच तीन नावाडी पुढे आले. मी बँकेच्या हिंदीत "क्या चार्जेस हैं" विचारलं. त्याने आकडा सांगितला. आकडा वाजवी होता. मी पाय उचलणार तोच मागून आई म्हणाली, "थांब रे. भय्या, सबका मिळून?"

तो गप्प.

"और जाके-आके?"

तो हसला. त्याच्या आकड्यात, असं कळलं की, एक माणूस होता, आणि तो फक्त जाणार होता. परत आणण्याचं गंगेच्या मध्यावर ठरलं असतं. तिथे घासाघीस करताना गिऱ्हाइकाची बाजू जरा लंगडी पडते. उतरून दुसरी होडी बघतो असं म्हणता येत नाही. आईने सगळ्यांचे मिळून, जाऊन-येऊन, आरती संपेपर्यंत थांबून, असा आकडा चारचौघांत मोठ्याने वदवून घेतला आणि शेजारच्या नावाड्याला म्हणाली, "तुमने सुना ना?" त्याने सुना म्हणून सांगितलं. माझ्या मते हा साक्षीदारासह करार झाला. स्टँप ड्यूटी तेवढी राहिली. मग त्याच नावाड्याने आम्हांला इतक्या मायेने फिरवलं, हा भोसले घाट, हा शिंद्यांचा, हा अहिल्याबाईंचा, असं आपली माणसं म्हणून दाखवलं, की आईने त्याला उतरताना वर वीस रुपये दिले. मी म्हटलं, "ठरले होते तेवढेच द्यायचे ना?" तर म्हणाली, "ठरलेले दिले. हे मी दिले."

सौ.चं क्षेत्र वेगळं. काशीला येऊन बनारसी साडी न घेता परतायचं, हा अन्याय ती सहन करणार नव्हती. ई-रिक्षावाला आम्हांला "बुनकर बस्ती" दाखवायला म्हणून घेऊन निघाला. सिर्फ देखना है, देखने का पैसा नहीं. आत गेल्याबरोबर कोपऱ्यात एक हातमाग, त्यावर एक म्हातारबाबा. आम्ही आलो की चालू, आम्ही वळलो की बंद. मग गाद्या, मग चहा. हा चहाच खरा. एकदा चहा पोटात गेला की मराठी मध्यमवर्गीय माणसाला रिकाम्या हाताने उठणं म्हणजे पाप वाटतं. बाबांच्या पोह्यांचंच हे उलटं रूप. दुकानदाराने चाळीस साड्या उलगडल्या आणि रेशीम शुद्ध असल्याची खात्री म्हणून एक धागा जाळून दाखवला. जळक्या केसांसारखा वास आला, राख बोटात चुरली गेली. म्हणजे खरं रेशीम. नायलॉन-पॉलिएस्टर असतं तर वितळून त्याचा कडक मणी झाला असता. मी मान डोलावली. सौ. म्हणाली, "भाईसाब, ये धागा आपके जेब से आया. इस साडी का जलाओ." आणि तिने स्वतःच पदराच्या दशीतला एक धागा ओढून पुढे केला. दुकानदार म्हणाला, नई साडी को आग नहीं लगाते, अपशकुन होता है. एवढा धर्म त्याला त्याच क्षणी आठवला. सौ.ने दुसरा चहा मागवला, तो शांतपणे संपवला, "चाय अच्छी थी" म्हणाली आणि उठली. रिक्षावाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या साडीत त्याचाही काठपदर होता.

दुसऱ्या दिवशी ती आम्हांला चौकातल्या कुंज गल्लीत पायी घेऊन गेली. बनारसी साडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, २००४ पासून शुद्ध रेशमाला सिल्क मार्कची खूण मिळते, हे सगळं तिने डोंबिवलीत पाठ केलेलं होतं. सिल्क मार्कचं लेबल, पक्कं बिल आणि पदरातला धागा, तिन्ही बघून तिने एक साडी घेतली. किंमत इथे देत नाही. ती दोन खात्यांत विभागून लिहिली आहे.

विश्वनाथाच्या गल्ल्यांत फार काही घडलं नाही. आत मोबाईल नेता येत नाही. त्यामुळे "यहाँ फ्री में रखिए" म्हणणारी दुकानं ओळीने उभी, आणि फ्री ठेवलेला मोबाईल परत मिळण्याआधी फुलांची थाळी घ्यावी लागते. आम्ही मोबाईल खोलीवरच ठेवून गेलो. काही जणांनी दर्शन लवकर करून देतो म्हणून कानाशी येऊन सांगितलं. मंदिराचं सशुल्क दर्शन मंदिराच्या ट्रस्टकडेच मिळतं, ते गल्लीत कानाशी मिळत नाही. २०२१ साली झालेल्या त्या मोठ्या दगडी चौकातून अहिल्याबाईंनी बांधलेल्या देवळाचा सोन्याचा कळस दिसला, तेव्हा आईने नुसते हात जोडले. काही मागितलं की नाही, मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांचं करायचं होतं. घाटावरच्या एका पंडितजींशी आईने आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवलं होतं: सामानासकट, दक्षिणेसकट, पाचशे एक. मी सोवळं नेसून, दर्भाचं पवित्र बोटात घालून बसलो. पंडितजींनी माझ्या ओंजळीत गंगेचं पाणी घातलं आणि संकल्प सांगू लागले. मी मागोमाग म्हणत होतो. गोत्र झालं, नाव झालं, आणि त्याच लयीत, त्याच सुरात, "एकादशसहस्र..." असं काहीतरी माझ्या तोंडून जाण्याच्या बेतात आलं. आकडा आला की बँकेतल्या माणसाचे कान टवकारतात, पण टवकारून करणार काय? ओंजळीत पाणी असलेल्या माणसाला ना उठता येत, ना बोट दाखवता येत, ना "एक मिनिट" म्हणता येत. समोर वडिलांच्या नावाचा पिंड ठेवलेला. या जागी बसवून माणसाला भाव सांगायचा, ही युक्ती ज्याच्या डोक्यातून प्रथम निघाली त्याला आमच्या वसुली विभागात घ्यायला हवं होतं.

आई बाजूला पाटावर बसली होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "पंडितजी, हम रोज विष्णुसहस्रनाम बोलते है. सहस्र कितना होता है हमको मालूम है."

पंडितजी थांबले.

"पाचसौ एक ठरा है. संस्कृत में नहीं बनता तो हिंदी में बोलो. गंगामाय को समझता है."

आजूबाजूचे दोन-तीन जण हसले. पंडितजींनाही हसू आलं. "माताजी जानकार हैं," म्हणाले, आणि पाचशे एकचा संकल्प त्यांनी खणखणीत संस्कृतात सांगितला. पुढचा सगळा विधी त्या माणसाने मन लावून, एक मंत्र न गाळता केला. निघताना आईला हात धरून ओल्या पायऱ्या उतरवल्या. त्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याने एक भाव टाकून पाहिला, तो लागला नाही, मग त्याने आपलं काम केलं. आमच्या बँकेतही मुदत ठेव ठेवायला आलेल्या म्हाताऱ्याला विमा पॉलिसी घेता का म्हणून विचारून पाहतात.

दुपारी मणिकर्णिकेवरून जाताना आई थांबली. चार-पाच चिता जळत होत्या. एक तरुण जवळ आला. हळू आवाजात सांगू लागला की, वर म्हाताऱ्यांचं आश्रयस्थान आहे, गरिबांना जाळायला लाकडं नसतात, एका किलोला इतके रुपये लागतात, एका माणसाला इतके किलो लागतात; माताजी, आप कितना किलो देंगी? असं लाकडाचं दान मागणारे तिथे पुष्कळ हिंडतात, आणि ते पैसे लाकडापर्यंत पोचत नाहीत, हे मी वाचून गेलो होतो. पण त्या धुरात उभं राहून ते कोणाला आठवणार? मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते आणि ती जाळाकडे बघत होती. आता ही देणार, असं मला वाटलं.

आई त्याच्याकडे वळून म्हणाली, "नाही." मराठीतच म्हणाली. राग नाही, कारण नाही, "फिर कभी" नाही. तो समजला आणि गेला.

बऱ्याच पायऱ्या चढून झाल्यावर ती सौ.ला म्हणाली, "एवढा एक शब्द ह्यांना उभ्या जन्मात जमला नाही बघ. तीनदा पोहे केले मी त्या मेल्याला."

परतीच्या गाडीत इटारसीच्या आसपास मी हिशेब लिहायला घेतला. सगळं जमलं, बटवा तेवढा उरला. आईने तो काढून दिला. आत चारशे चाळीस रुपये होते.

"साठ कुठे गेले?"

"दिवे विकणारी ती पोरगी नव्हती का? दहाचा द्रोण वीसला सांगत होती. तीन घेतले."

"अगं, मग तीस जादा गेले. उरलेले तीस दिव्यांच्या खात्यात टाकतो."

"नाही, सगळे साठ फसायच्यातच लिही. विझले ते, पुढे जाईपर्यंत."

मी तसं लिहिलं. नोटांच्या मागे एक जुना, घड्या घालून मऊ झालेला कागद होता. तीन रंग, वर विश्वनाथाचं देऊळ, खाली रेव्हेन्यू स्टँप. मी म्हटलं, "आई, ही बरोबर आणली होतीस, मग गंगेत का नाही सोडलीस?"

"पावती टाकू नये, असं हे म्हणायचे," ती म्हणाली, आणि कागद परत बटव्यात ठेवला. मी चारशे चाळीस रुपये माझ्या पाकिटात घालू लागलो, तेव्हा तिने हात पुढे केला.

"ते इकडे दे. कल्याणला उतरून अजून रिक्षा करायची आहे."